उणे अंतर

एकदा मी दोन विश्वांच्या मधे एक बोगदा खणला आणि तो कधीही कोसळणार नाही, असं सगळ्या देवासला सांगून बसले. सगळ्या म्हणजे जेवढं देवास सतरंजीवर माझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं, तेवढ्याला. पण शाल आणि नारळ घेऊन झाला होता, त्यामुळे माघारीची वाट बंद. बोगदा उभा होता तो माझ्या अकलेच्या जोरावर नव्हे. माझ्या मार्गदर्शक सरांच्या हिंदीतल्या एका शब्दाचा अर्थ मी आमच्या घरच्या मराठीतला लावला आणि गणितातलं एक उणे चिन्ह गिळून टाकलं. ढेकरसुद्धा दिला नाही.

तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. पंचेचाळिशी उलटलेली, देवासच्या एका कॉलेजात मुलींना भौतिकशास्त्र शिकवणारी, घरी बारावीतली मुलगी आणि बिछान्याला चिकटत चाललेल्या सासूबाई असलेली बाई. पण आता गुडघे धरून मागे बघते तर ती बाई मला पोरच वाटते. पोर म्हटल्यावर तिची थोडी टिंगल करायला हरकत नाही. तिला उलटून बोलता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

आधी तो बोगदा काय ते सांगते. नातीला इतक्यांदा सांगून झालंय की तोंडपाठ आहे. तिची शाळा हिंदीतून, मराठीतली अक्षरं ओळखीची आणि शब्द परके, त्यामुळे दोन ओळींत कंटाळते आणि म्हणते, “आजी, आप ही बोल दो ना.” हे लिखाण ती वाचेल अशी भीती नाही. मोकळेपणाने लिहिते.

किडकं बोर डोळ्यांपुढे आणा. मुंगीला बोराच्या या बाजूहून त्या बाजूला जायचं तर सालीवरून वळसा घालावा लागतो. आतली अळी मात्र गरातून आरपार जाते. गुरुत्वाकर्षणाची समीकरणं सोडवता सोडवता काही लोकांना कागदावर अशीच एक आरपार वाट सापडली. एक तोंड इथे, दुसरं कुठल्या कुठे, आणि दोन्हींच्या मधे एक गळा. इंग्रजीत त्याला वर्महोल म्हणतात, पुस्तकी मराठीत कृमिविवर. पाहिलेलं कोणीही नाही.

अडचण अशी की तो गळा उघडा राहत नाही. साधं द्रव्य गुरुत्वाकर्षणाने आत ओढतं, गळा आवळला जातो. तो उघडा ठेवायचा तर बाहेर ढकलणारं काहीतरी हवं, ज्याची ऊर्जाच उणे आहे असं द्रव्य. ते कुठल्या दुकानात मिळतं ते अजून कोणाला ठाऊक नाही. बरं, मिळालं असं धरून चाललं तरी गळा स्थिर राहीलच असं नाही. जरासा धक्का लागला तर एकतर तो फुगत सुटतो, नाहीतर मिटून जातो. विस्तवावरच्या फुलक्यासारखं. फुलका टम्म फुगतो किंवा बसतो. अर्धा फुगून तिथेच थांबलेला फुलका मी जन्मात पाहिला नाही, आणि मी पुष्कळ फुलके केले आहेत.

आमच्या सरांची कल्पना अशी होती की हे सगळं आपण चार मितींतच तपासतो. लांबी, रुंदी, उंची आणि काळ. त्यात पाचवी घातली की समीकरणात एक जादा पद येतं, जे चार मितींत असून नसल्यासारखं असतं. ते पद गळ्याला आतून टेकू देईल का? दिला तर उणे ऊर्जेचं ते दुर्मिळ द्रव्य लागणार नाही, किंवा कमी लागेल. हाच माझ्या प्रबंधाचा विषय: पाच मितींतल्या कृमिविवराचं स्थैर्य.

घरी हा विषय सांगितला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “कृमी? म्हणजे जंत?”

“नाही हो आई. आकाशातलं भोक आहे ते.”

“आकाशात जंत कसे जातील? तू आपली वावडिंगावर लिही. वावडिंगाचं पाणी दिलं की एका आठवड्यात मोकळं.”

“त्याला पाच मिती असतात.”

“प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत,” त्या म्हणाल्या आणि त्यांचं समाधान झालं. आमच्याकडे पत्राच्या माथ्यावर अजून ‘मिती कार्तिक शुद्ध’ वगैरे घालतात. त्यांना दुसरी मिती माहीत असायचं कारण नव्हतं. ही बातमी त्यांनी गल्लीत पसरवली. एक दिवस शेजारची बाई पोराला हाताला धरून आली. “बाई, हा झोपेत दात खातो हो. तुमचं जंतांवर चाललंय म्हणे.” मी त्याला वावडिंगाचं पाणी सांगितलं. गुण आला. माझ्या संशोधनाचा मानवजातीला आजवर झालेला एवढाच उपयोग.

सर धारचे. माझं माहेरही धारचं, त्यामुळे सासरी सांगायला सोपं. सर तिथल्या कॉलेजातून निवृत्त झाले होते, पण विद्यापीठाच्या यादीत मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव अजून होतं. वयामुळे ते त्या वर्षाअखेर कटणार होतं. माझी मुदतही एकदा वाढवून घेतलेली, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. आणि आसपास या विषयाला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे त्या वर्षात प्रबंध गेला तर गेला, नाहीतर कधीच नाही.

एवढा हट्ट कशासाठी, असं कोणी विचारलं नाही, पण सांगते. माझ्या खोलीत पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात एक बाही नसलेला स्वेटर, मोराची नुसती मान भरलेलं कापड, हार्मोनियमच्या पहिल्या परीक्षेचं पुस्तक आणि असंच बरंच काही होतं. जन्मभर जे जे सुरू केलं ते त्या ट्रंकेत जाऊन पडलं. एक तरी गोष्ट ट्रंकेबाहेर राहावी, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी विश्वाला भोक पाडायची काही गरज नव्हती, स्वेटरला दुसरी बाही विणली असती तरी चाललं असतं. पण तेव्हाच्या बाईला लहान काही दिसतच नसे.

तर दर रविवारी पहाटे उठून दोन वेळचा स्वयंपाक झाकून ठेवायचा, देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. कुक्षीकडे जाणारी गाडी धरली की निदान बसायला मिळे. कधीकधी मोहनखेड्याला दर्शनाला निघालेल्या बायका शेजारी असत. एकदा मी मांडीवर कागद पसरून बसले होते, तर एकीने वाकून पाहिलं.

“क्या लिख रही हो, बेन?”

“एक सुरंग है, उसका हिसाब.”

“कहाँ खुद रही है? घाटाबिल्लोद की तरफ?”

“अभी तो कागज़ पर है.”

“सरकारी होगी,” ती पलीकडच्या बाईला म्हणाली, आणि दोघी पुन्हा डोळे मिटून माळ ओढू लागल्या.

कधी वाटायचं, झोपावं. आठवडाभर कॉलेज, घरी सासूबाईंचं अंग पुसणं, मुलीच्या शिकवण्या, आणि उरलेल्या वेळात पाचवी मिती. डोळे जळजळायचे. पण त्या बाईचा स्वतःवर भारी विश्वास. बसच्या खडखडाटात ती समीकरणं सोडवायची आणि खड्ड्यामुळे पेन घसरलं की ते चिन्ह आहे की शाईचा डाग ते नंतर ठरवायची.

पद्धत अशी होती. पाच मितींच्या अवकाशाचे दोन तुकडे घ्यायचे, दोन्हींतून मधला भाग कापून टाकायचा आणि कापलेल्या कडा एकमेकींना शिवायच्या. ती शिवण म्हणजे गळा. शिवणीच्या दोन बाजूंना अवकाश किती वाकलंय ते काढायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. त्या वजाबाकीवरून कळतं की शिवणीवर कोणतं द्रव्य लागेल, साधं की उणे ऊर्जेचं. सरांनी मला ही पायरी सांगितली ती अशी: “दोनों ओर की वक्रता का अंतर लीजिए.”

हिंदीत अंतर म्हणजे फरक, वजाबाकी. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? बालवाडीपासून एम.एस्सी.पर्यंत सगळं शिक्षण हिंदीतून. पण आमच्या माहेरी अंतर म्हणजे दोन गावांमधलं. धार ते मांडव अंतर, धार ते इंदूर अंतर. फरकाला फरक. आणि शिकलेली हिंदी म्हणजे डोक्याचं सासर; दमलेलं डोकं तिथे काम करत नाही, ते गुपचूप माहेरी जातं. मी अंतर घेतलं. अंतर कधी उणे असतं का? दोन गावांमधे उणे सात कोस असल्याचं कोणी ऐकलंय? म्हणून जिथे वजाबाकी उणे येत होती, तिथे मी दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा मारल्या आणि उणे चिन्ह काढून टाकलं. पुढची पानंच्या पानं त्या दोन रेघांवर उभी राहिली.

आणि काय उभी राहिली! उणे ऊर्जा लागेचना. साध्या द्रव्यावर गळा उघडा. स्थैर्य तपासलं, तर आलेख वाटीसारखा, सुलटा. वाटीच्या तळाशी ठेवलेला वाटाणा जसा हलवला तरी परत तळाशी येतो, तसा माझा गळा. वाटी उपडी असती तर वाटाणा घरंगळला असता. माझी सुलटी होती. मी घरातल्या चौकात बसून रडले. यांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं, “टिकला.” यांना वाटलं, नुकताच दुरुस्त करून आणलेला फ्रिज.

समजल्यावर मात्र आमच्या यांनी कमाल केली. बँकेत सांगितलं, वाण्याला सांगितलं, आणि मराठी मंडळात सांगितलं. मंडळाने कोजागिरीला माझा सत्कार ठेवला. सरांनी तेव्हा हे गणित पाहिलंही नव्हतं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, अक्षर दिसत नव्हतं, म्हणून रविवारही बंद होते. फोनवर मी “सर, टिकता है!” म्हटलं, तेव्हा ते “वाह बेन, वाह!” म्हणाले आणि त्यांनीही आपल्या एका जुन्या मित्राला फोन करून सांगितलं. पुढे विद्यापीठाच्या परिसंवादात हे वाचायचं असं ठरवूनही टाकलं.

कोजागिरीचं माझं भाषण. आठवलं की आजही पदरात तोंड लपवते, अर्धी लाजून, अर्धी हसून. मसाला दुधाची पातेली मागे ठेवलेली, वर देवीच्या टेकडीवरचे दिवे, आणि मी शाल पांघरून लोकांना पाचवी मिती समजावते आहे. मला वाटलं, शिवणीचं उदाहरण गावातलंच द्यावं. देवासला पूर्वी एकाच गावात दोन संस्थानं होती.

“समजा,” मी म्हटलं, “रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती आणि पलीकडे धाकटी पाती. रस्ता म्हणजे दोन विश्वांमधली शिवण.”

मागून एक निवृत्त वकील उठले. “बाई, आमचं घर अलीकडेच आहे, पण होतं धाकट्या पातीत.”

“काका, हे उदाहरण आहे.”

“उदाहरण तुमचं असेल, घर आमचं आहे.”

“अहो, त्यांचं बरोबर आहे,” दुसरे म्हणाले, “त्या बोळात एकाआड एक होतं.”

“एकाआड एक कसं? आमच्या आजोबांकडे थोरल्या पातीची सनद होती!”

मग दूध थंड होईपर्यंत थोरली आणि धाकटी चालली. शेवटी एका बाईंनी मला विचारलं, “पण ते तुमचं कोसळणार नाही ना?” आणि तेव्हाच्या त्या बाईने, शालीचा पदर सारखा करत, काय उत्तर दिलं असेल? “तुम्ही सगळे मिळून धक्का मारा!” टाळ्या पडल्या. सासूबाई खुर्चीत होत्या, त्यांनी शेजारणीला सांगितलं, “औषध सापडलं वाटतं.”

दिवाळी झाली. सरांचं ऑपरेशन झालं. पहिल्या मोकळ्या रविवारी मी धारला गेले. सर ओसरीवर काळा चष्मा लावून बसले होते, पुढे पोहे आणि त्यावर शेव. एक बशी माझ्यासाठीही आली.

“आओ बेन. आँखें तो डॉक्टर ने गिरवी रख ली हैं, कान अपने पास हैं. पढ़ के सुनाओ.”

मी वाचू लागले. मोठ्या आवाजात, एखाद्या पोथीसारखं. अवकाशाचे दोन तुकडे, ठीक. कापले, ठीक. सर मान डोलवत होते, पोहे खात होते.

“फिर दोनों ओर की वक्रता का अंतर लिया,” मी वाचलं, “और अंतर है तो धन ही होगा, इसलिए चिन्ह छोड़ दिया.”

सरांचा चमचा थांबला.

“क्या छोड़ दिया?”

“चिन्ह, सर. माइनस का.”

“क्यों?”

“अंतर है ना, सर. अंतर ऋण कैसे होगा?”

“क्यों नहीं होगा? पाँच में से सात निकालो. क्या बचा?”

“माइनस दो.”

“तो?”

“पण सर, तो तर फरक झाला!” घाबरले की मी मराठीवर येते. “मतलब, वो तो फ़रक हुआ. अंतर तो... अब धार से देवास का अंतर माइनस थोड़ी होता है!”

सरांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं. लालभडक डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत राहिले.

“बेन,” ते हळू आवाजात म्हणाले, “मैं फ़रक ही बोल रहा था. शुरू से.”

आतून त्यांच्या पत्नीने विचारलं, पोहे आणखी हवेत का. 

सरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, “लगाओ चिन्ह.” मी उभ्या रेघा खोडल्या, उणे चिन्ह परत बसवलं आणि तिथेच, पोह्यांच्या बशीशेजारी, पुढचं सगळं नव्याने करायला घेतलं. दुपारपर्यंत काय ते समजलं. शिवणीवर साधं द्रव्य चालणार नव्हतं, उणे ऊर्जेचंच लागणार होतं. आणि तेही घातल्यावर आलेख उपडी वाटी. पाचव्या मितीतलं ते जादा पद टेकू देत होतं, पण एका अगदी अरुंद पट्ट्यात, तेही त्याच्या गुणकाची किंमत कोणालाही पटणार नाही अशी धरली तर. शिवाय तो टेकूसुद्धा गळ्याला सगळीकडून सारखाच धक्का बसला तरच. एका कुशीला जरा जास्त लागला तर काय, ते आम्ही तपासलंच नव्हतं. थोडक्यात, पडतो.

“कितनों को बताया?” सरांनी विचारलं.

“मंडल में, सर. शाल मिली.”

“गरम है?”

“जी?”

“शाल. गरम है?”

“जी, ऊनी है.”

“तो रख लो,” ते म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, “मुझे तो फ़ोन करना पड़ेगा उसको.” मित्राला. परिसंवादाचा विषय तिथेच मिटला. मला चुकल्याचं वाईट वाटत होतं, पण त्याहून मी थकले होते. इतकी, की रडायलाही बसायला जागा शोधावी लागली असती.

परतीच्या बसमध्ये उभं राहूनच आले. घरी येऊन कागद ट्रंकेत टाकले, स्वेटरच्या वर. वर्ष संपायला फार दिवस नव्हते. सगळं गणित पुन्हा करायचं, पुन्हा लिहायचं, टंकलेखन, बांधणी, आणि हे सगळं कशासाठी, तर जे सांगितलं ते खोटं हे सिद्ध करण्यासाठी. यांना सांगितलं. हे म्हणाले, “जाऊ दे गं. लोक विसरतील.”

“विसरतील म्हणजे अजून लक्षात आहे.”

“तसं नाही...”

“वाण्याने आजच विचारलं, ‘मैडम, आपकी सुरंग का क्या हुआ?’”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, बजट खतम हो गया.”

रविवारी घरीच राहू लागले. रविवारी घरी काय करतात ते मला आठवेना. मी मसाल्याचे डबे काढून घासले. ते घासून झाले तेव्हा पिठाचे काढले. मुलगी म्हणाली, आई, डब्यांचा रंग जातोय. सरांचा फोन येईल म्हणून वाट बघत होते आणि येऊ नये म्हणूनही. तो आला नाही. पुढे समजलं की ते माझ्या फोनची वाट बघत होते, आणि डोळ्यांत औषध घालून पडल्या पडल्या मनातल्या मनात तो अरुंद पट्टा मोजत होते.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे कोणाला हुरहूर नको. प्रबंध गेला. मुदतीच्या अगदी शेवटी गेला, पण गेला. शीर्षकात ‘स्थैर्य’ होतं, तिथे मी आधी एक ‘अ’ लावला. विद्यापीठाने त्या एका ‘अ’साठी वेगळा अर्ज मागितला, तोही केला. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते, त्यांनी विचारलं की पाच मितींत गळा का पडतो ते एका वाक्यात सांगा. मी सांगितलं. ते बराच वेळ मान डोलवत राहिले. सर बाजूला बसले होते, नवा चष्मा लावून, आणि त्यांना बोलायची परवानगी नव्हती म्हणून नुसते पोटावर हात ठेवून हसत होते. आता नावाआधी डॉक्टर लागतं. गल्लीत कोणाला ताप आला की अजून माझी घंटा वाजते, आणि मी दार उघडून दोन्ही हात जोडते.

हे जमलं ते काही माझ्या जिद्दीमुळे नाही. तेव्हाची ती बाई जिद्दीबिद्दीच्या गोष्टी वर्गात मुलींना सांगायची, स्वतः मात्र डबे घासत होती. ट्रंक पुन्हा उघडली ती तशाच एका रविवारच्या दुपारनंतर. मी स्वयंपाकघरात फळीवरून डबे उतरवत होते. सासूबाई पलीकडच्या खोलीत पडून होत्या. त्यांनी हाक मारली. गेले. त्यांनी आधी पाणी मागितलं, ते दिलं. उशी सारखी करायला सांगितली, ती केली. मग म्हणाल्या, “काय गं, तुझी रविवारची धार बंद झाली का?”

“झाली, आई.”

“भांडलीस सरांशी?”

“नाही हो. माझंच चुकलं होतं. ते टिकत नाही. जरा धक्का लागला की पडतं.”

“मग?”

“मग काय. पडणाऱ्या गोष्टीवर काय लिहायचं?”

त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपल्या. मी उठून दाराशी पोचले, तेव्हा मागून आवाज आला.

“पडलं तर पडू दे, माझं काय जातंय? पण तू रविवारची घरात राहिलीस की डबे आपटतेस आणि उसासे टाकतेस, माझा मेलीचा डोळा लागत नाही. पुढच्या रविवारी आपली मुकाट्याने धारला जा, आणि ते पडतं कशानं, तेवढं नीट बघून ये.”